भर उन्हातला बल्ब

शनिवार, ३ मे १९८६

आज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी छावणीत माझ्या भावाला करंटची काठी लावली आणि तो मेला. वेळ माझ्या घड्याळाची नाही, मी घरी होते. दहाला तपासणीचे साहेब येणार होते, सगळ्यांचा डोळा घड्याळावर होता. म्हणून वेळेबद्दल तेवढं एकमत आहे. बाकी कशाबद्दलही नाही.

निरोप आला तेव्हा तांदूळ निवडत होते. अनवाणी नदीत गेले. दुष्काळात तेरणेत पाणी नाही, वाळूत दूध संस्थेची जनावरांची चारा छावणी. महांतप्पा त्याच्या बैलाशेजारी उताणा पडलेला. बैलाला गार वाटावं म्हणून त्याने घागरभर पाणी ओतलं होतं, त्या चिखलात. धोतर, सदरा, सगळं भिजलेलं. मी छाती दाबली. तोंडाने श्वास दिला. जन्म नर्सिंगमध्ये गेला, किती वेळ दाबायचं हे मला कळतं. त्याच्या कितीतरी पुढे दाबत राहिले. शांतलिंग — महांतप्पाचा एकुलता एक मुलगा, तोच छावणीचा सुपरवायझर — वडिलांच्या पायाशी बसून नुसता ओरडत होता. राखणदार मच्छिंद्र बाजूला उभा. हातात काठी.

"टाक ती खाली," मी म्हटलं. त्याने टाकली.

काठीचं मला माहीत होतं. चारा कमी पडला की जनावर बसतं, मग उठत नाही. बसलेलं जनावर तपासणीत मोजत नाहीत, त्याचं सरकारी अनुदान बुडतं. म्हणून संस्थेने हैदराबादहून या काठ्या मागवल्या. आत टॉर्चसारखे सेल, टोकाला दोन काटे. टेकवली की मरायला टेकलेला बैलही उभा राहतो. चेअरमन आबारावांनी सभेत सांगितलं होतं, माणसाला लावली तरी गुदगुल्या होतील फक्त. महांतप्पा उठून म्हणाला होता, "मग चेअरमनसाहेबांपासून सुरुवात करू." सभा हसली. आबाराव हसले नव्हते.

आज ते साहेबांच्या जीपमधून उतरले, आणि मी भावाच्या तोंडावरून तोंड काढायच्या आधीच म्हणाले, "हार्ट अटॅक. ऊन केवढं आहे बघा."

गुलबर्ग्याच्या कॉन्व्हेंटात मदर आम्हाला कोपऱ्यात उभं करत नसे. पाटी हातात देई. काय झालं ते आधी लिही, मग रड. म्हणून लिहिते आहे.

रविवार, ४ मे

आमच्यात जाळत नाहीत. बसवतात, डाव्या हातावर इष्टलिंग ठेवतात आणि तसंच मातीआड करतात. विभूती लावायला मी पुढे झाले. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी छातीवर डावीकडे होती, जन्मभर होती तिथेच. ती उचलली. खाली तपकिरी डाग, कडेने पांढरट. डबीच्याच आकाराचा.

मग पायात कोणी चढवलेले मोजे खाली ओढून पाय बघितले. सवयच ती. उजव्या टाचेला भाजल्याचा डाग, कुरुपाएवढा.

लक्ष्मम्मा वहिनींनी माझं मनगट धरलं. "अक्का, झाका आता. लोक बघतात."

दाखला डॉ. उंबरगेंनी दिला. धाराशिवहून काल दुपारीच आले होते. ज्यांच्या दवाखान्यात मी इतकी वर्षं काढली, ज्यांच्या हातात मी कात्री त्यांनी मागायच्या आधी दिली, त्या माणसाने लिहिलं — हृदयविकाराने मृत्यू. महांतप्पाला हृदयविकार! पहाटे उठून दोन खेपा चारा वाहणारा माणूस. शवविच्छेदन नाही. "घरच्यांची इच्छा नव्हती," म्हणाले. मी घरची नाही का? मला कोणी विचारलं?

उंबरगेंनी तो डाग बघितला होता. मला माहीत आहे. सदऱ्याची गुंडी त्यांनी स्वतः लावली होती — ते लावतात तशी, वरून खाली.

मंगळवार, ६ मे

संस्थेच्या कचेरीत गेले. आबाराव खुर्चीतून उठले, नमस्कार केला, चहा मागवला. मी चहाला हात लावला नाही.

"काठी कोणाच्या हातात होती?"

"सिस्टरबाई, काठीचा काय संबंध? डॉक्टरांचा दाखला आहे."

"छातीवर डाग होता."

"तुम्ही नर्स होतात. डॉक्टर नव्हतात."

"त्या डॉक्टरांना नाडी कुठे लागते ते मी दाखवलं आहे."

मागचा कारकून खोकला. हसू दाबत असावा. आबारावांनी पेला सरकवला. "हे बघा. लक्ष्मम्मांची तक्रार नाही, शांतलिंगची नाही. तुम्हाला तेरला येऊन झाले किती दिवस? रिटायर झालात, भावाकडे राहायला आलात. आराम करा."

म्हणजे मी पाहुणी. ठीक. पाहुणीने तिथेच बसून अर्ज लिहिला, एक प्रत संस्थेला, एक पोलीस चौकीला. काठी राखणदार मच्छिंद्र याच्या हातात मी स्वतः पाहिली. त्याने ती माझ्या भावाच्या छातीला लावली, सबब चौकशी व्हावी, आणि लेखी उत्तर आठ दिवसांत मिळावं.

घरी येऊन शांतलिंगला सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, कशाला नाव घातलंत त्याचं?"

"मग कोणाचं घालू?"

उठून गेला. जेवतही नाही धड. पोराचे गाल बसलेत.

गुरुवार, ८ मे

उत्तर नाही. आबारावांचा शिपाई आला होता. लेखी काही नाही, एक टोपली आंबे घेऊन. आंबे परत पाठवले.

शनिवार, १० मे

आज आबाराव स्वतः अंगणात. हातात तीच काठी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. माझ्यासमोर तिचं बूड फिरवून उघडलं. आत सेल होते खरे, पण फुगून फुटलेले, बाहेर पांढरी भुकटी. सगळा पत्रा गंजलेला.

"मार्चपासून बंद आहे. नवे सेल आणायचा ठराव अजून व्हायचा आहे. आता सांगा बाई, करंट कुठला?"

मी काठी घेतली, बटण दाबलं, माझ्याच कोपरावर टेकवली. काही नाही. लाटणं टेकवल्यासारखं.

"झालं समाधान?" म्हणाले.

ओसरीवर शांतलिंग पाणी पीत होता. पेला ठेवून आत गेला. वहिनींनी आबारावांना "बसा" म्हटलं नाही, हेही नोंदवून ठेवते. बाकी सगळ्यांना म्हणतात.

मग डाग कशाचा? मेलेल्या काठीने माणूस भाजत नाही. आणि या काठीने बैल तरी कसे उठत होते, मार्चपासून? मी मागच्या आठवड्यात नदीकडून येताना ऐकलं होतं ते हंबरणं. भुकेल्या जनावराचं हंबरणं वेगळं असतं.

मच्छिंद्रने नंतर सेल बदलले असतील. तसंच असणार.

मंगळवार, १३ मे

सकाळच्या एसटीने धाराशिवला गेले. उंबरगेंच्या दवाखान्यात बाकावर रोग्यांबरोबर नंबर लावून बसले. त्यांनी दारातून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. बरं वाटलं.

आत गेल्यावर म्हटलं, "मी भांडायला नाही, शिकायला आले आहे. करंटने माणूस मरतो तो कसा, नीट सांगा."

शिकवायला त्यांना अजून आवडतं. चष्मा पुसला. म्हणाले, हृदयाचा स्वतःचा एक बारीक करंट असतो, सिस्टर, त्याच्या तालावर ते आवळतं आणि सुटतं. बाहेरचा करंट छातीतून आरपार गेला की तो ताल मोडतो. हृदय थांबत नाही, नुसतं थरथरतं. प्रत्येक धागा आपापला हलतो, आणि रक्त काही पुढे जात नाही. दोन-चार मिनिटं. यंत्राने उलट धक्का देता आला तर वाचतो. ते यंत्र आपल्याकडे कुठलं?

"म्हणजे मी दाबत होते तेव्हा—"

"तेव्हा आत थरथर चालू असेल. तुम्ही केलंत ते बरोबर होतं. पुरेसं नव्हतं एवढंच."

हे त्यांनी हळू सांगितलं. तेवढ्यापुरते ते जुने डॉक्टर होते.

"आणि सेलच्या काठीने हे होतं?"

"कठीण आहे. तिला टोकाला दोन काटे. करंट एका काट्यातून निघतो, दुसऱ्यात जातो. मधल्या कातडीला चावतो. खोल जायचं कारण नाही."

"टाचेपर्यंत जायचं?"

"छे, टाचेपर्यंत कसा—" आणि थांबले.

"टाचेला डाग होता, डॉक्टर. तुम्ही मोजे चढवलेत त्याला. मेच्या उन्हात."

बाहेर कोणी मूल रडत होतं. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "सिस्टर, मी जे लिहिलं ते लक्ष्मम्मांनी हात जोडले म्हणून. चेअरमनच्या सांगण्यावरून नाही. घरचं आहे. सोडून द्या."

"घरचं म्हणून तर सोडत नाही."

"मी काय म्हणतो ते तुम्हाला कळलेलं नाही," म्हणाले, आणि घंटी वाजवून पुढचा रोगी बोलावला. माझ्यासमोर घंटी! ती घंटी मी आणली होती त्यांच्यासाठी.

बुधवार, १४ मे

चौकीच्या जमादाराने मच्छिंद्रला नेलं. आबारावांचा निरोप: राखणदाराने आपल्या मनाने काही केलं असेल तर संस्था त्याला जबाबदार नाही. तुमचं समाधान झालं असेल.

मी लेखी उत्तर मागितलं होतं, यांनी माणूस दिला.

बरं वाटायला हवं होतं. उंबरगे टाचेपाशी अडले, ते डोक्यातून जात नाही. काठीला सेल नव्हते, असते तरी टाचेपर्यंत गेलं नसतं. मग मच्छिंद्रने केलं काय?

शुक्रवार, १६ मे

मच्छिंद्रची बायको मुक्ताबाई आली. दारातून आत आली नाही, मी ये म्हटलं तरी. उंबऱ्याबाहेर उभी, पदर खोचलेला. मी भांडणाला तयार होते. तिने आवाजच चढवला नाही.

"बाई, तुमचा भाऊ देवमाणूस व्हता. आमच्या शेळीला बी छावनीत दावं दिलं त्यानं, बाकीचे न्हाय म्हनत व्हते. म्हनून मी शिव्या द्यायला आले न्हाय. एकच इचारते. बल्ब कशाला लागला व्हता?"

"कुठला बल्ब?"

"आता! तुमी तर लई हुशार. अर्ज लिव्हला, टपाल केलं. आन बल्ब म्हाईत न्हाय? समदी छावनी बघत व्हती. भर उन्हात बल्ब लागला. लागला तवा अप्पा ताठ झाले, आन इझला तवा पडले."

मी खाली बसले. ती उभीच.

मग तिने सांगितलं. सेल संपल्यापासून काठीच दुसरी केली होती. बांबूला तार, तार पाण्याच्या मोटारीच्या पेटीत, मधे होल्डरमधे बल्ब. बल्ब मधे असला की करंट तो खातो, म्हणायचे, जनावराला नुसता चटका बसतो. टेकवली की बल्ब मिणमिणायचा आणि बैल उठायचा. पोरंसोरं बघायला जमायची.

महांतप्पाचा बैल त्या दिवशी बसला तो उठेना. साहेब यायची वेळ. बांबू आणला तसा महांतप्पा आडवा उभा राहिला. मुक्ताबाईने त्याची नक्कल केली, हात कमरेवर, मान तिरकी. अगदी तोच! "आधी मला लाव. मला काय झालं न्हाय तर माझ्या बैलाला लाव."

"लोक हासले, बाई. अप्पा बी हासत व्हते. मग त्यानं म्हनलं, कायबी होत न्हाय, बघा. आन लावली."

"मच्छिंद्रने?"

"माझा मानूस पंपाकडं व्हता. त्यानं वायर उपटली, म्हनून बल्ब इझला. मग ह्यो मोडका दांडका त्याच्या हातात कुनी दिला त्ये त्याला इचारा. म्हनले, धर जरा. त्यानं धरला."

"मग लावली कोणी? तो बोलला का नाही?"

"कुनाला बोलायचं? तुमी त्याचं नाव लिवलं, मंग इचारायला आलात का? आमच्या भीमनगरात पाय तरी ठिवला का?" पहिल्यांदा तिचा आवाज हलला. "नाव मी घेनार न्हाय. मी सांगितलं तर म्हनाल नवऱ्याला सोडवाया खोटं बोलती. हे घ्या."

पदराखालून होल्डर काढला. काळा, तडकलेला, दोन हात वायर लोंबणारी. मच्छिंद्रने त्याच दिवशी उचलून घरात ठेवला होता. उंबऱ्यावर ठेवून निघून गेली.

टेस्ट करताना मधे बल्ब घालतात, हे मी ऐकलं आहे. मोटार जळू नये म्हणून. ज्याने हे केलं त्याला वाटलं, मोटार वाचते तसा माणूस वाचेल. बल्ब लागला, म्हणजे तो पेटायला लागतो तेवढा करंट माझ्या भावाच्या छातीतून गेला होता. चांदीची डबी, ओला सदरा, चिखलातली टाच. तो उजेड महांतप्पातून आला होता.

शनिवार, १७ मे

होल्डर टेबलावर ठेवला आहे. दुपारी उकडलं म्हणून टेबलफॅन लावला. त्याची वायर मधे तुटली होती, दिवाळीत शांतलिंगने जोडून दिली होती.

वायरीवर गुंडाळायची चिकटपट्टी गावात मिळत नाही. म्हणून जोडाभोवती सायकलच्या ट्यूबची फीत, फीत सुटू नये म्हणून वर लाल लोकर, आणि शेवटी वेणीची गाठ. वहिनींच्या उरलेल्या लोकरीतली लोकर.

होल्डरच्या वायरीला सायकलच्या ट्यूबची फीत. वर लाल लोकर. वेणीची गाठ.

फॅन बंद केला.

सोलापूरच्या आयटीआयला त्याला मी घातलं होतं. वायरमनचं काम स्वच्छ असतं, म्हटलं होतं महांतप्पाला.

रविवार, १८ मे

वहिनी ज्वारी पाखडत होत्या. मी होल्डर सुपात ठेवला. त्यांनी हात थांबवले, वर पाहिलं नाही.

"तुम्हाला कधीपासून माहीत?"

"त्याच दुपारी. माझ्या पायावर डोकं आपटून सांगितलं त्यानं."

"आणि मला?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लिहून काढलं असतं, अक्का."

होल्डर मी सुपातून परत उचलला. वहिनी म्हणाल्या, त्याने आधी स्वतःच्या बोटांना लावून पाहिलं होतं. अंगठा तारेला, शेजारचं बोट पेटीच्या पत्र्याला. चिमटा बसल्यासारखं झालं, म्हणाला. बोटातून बोटात गेलेला करंट आणि छातीतून मातीत गेलेला करंट यातलं अंतर त्याला कोणी शिकवलं नव्हतं. वरून आबारावांचा निरोप, साहेब येतात, उठव लवकर. लोक हसणारे. बाप आडवा.

"त्यानं मारलं नाही त्यांना," वहिनी म्हणाल्या. "त्यांनीच म्हटलं होतं लाव."

"मच्छिंद्रनेही मारलं नाही."

"मला ठाऊक आहे. पण त्याला तुम्ही धरून दिलंत, मी नाही. नवरा गेला माझा. आता मुलगा द्यायचा? आबारावांनी शब्द दिलाय, राखणदार दोन महिन्यांत सुटेल, नोकरी परत देतील."

"आणि तुम्ही धरला शब्द."

"धरायला दुसरं काय राहिलंय माझ्याकडं?"

दोन आठवडे एका ताटात जेवलो आम्ही. त्यांनी वाढलं, मी खाल्लं. मी रोज मच्छिंद्रचं नाव घेऊन खाल्लं, आणि समोर ती दोघं मान खाली घालून ऐकत होती. आबारावांचा मला राग आहे, उंबरगेंचाही. पण ते परके आहेत. मी पाहुणी आहे हे आबाराव खोटं बोलले असं मला वाटलं होतं.

शांतलिंग घरी आलेला नाही. छावणीत झोपतो म्हणे.

सोमवार, १९ मे

सकाळी चौकीत जाऊन जबाब दिला: मच्छिंद्रचं नाव मी न पाहता, न विचारता घातलं, ते चुकीचं आहे. त्याला सोडलं. जमादाराने विचारलं, मग कोण? गुरुवारी सांगते, म्हटलं. तिथून भीमनगरात गेले. मुक्ताबाईने पाणी दिलं. बस म्हणाली नाही.

येताना छावणीत चिठ्ठी देऊन आले. शांतलिंग वाळूत बैलापाशी बसला होता, त्याच बैलापाशी. घेतली, उघडली नाही. तिची नक्कल:

"शांतलिंग, तू काय केलंस, अप्पा काय म्हणाले, आबाराव काय म्हणाले आणि मच्छिंद्रच्या हातात काठी कोणी दिली, हे तुझ्या अक्षरात, सहीनिशी, गुरुवार दिनांक २२ मे रोजी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांच्या आत मला मिळालं पाहिजे. तोंडी चालणार नाही. आईने सांगितलेलं चालणार नाही. लिहिलंस तर चौकीत मी तुझ्याबरोबर येईन आणि शेवटपर्यंत तुझ्या शेजारी बसेन. नाही लिहिलंस तर होल्डर घेऊन एकटी जाईन. आधी लिही. मग रड. तेव्हा मीही रडेन. — रुद्रम्मा आत्या."